डॉक्युमेंट्री संपली, प्राणी अजून पिंजऱ्यातच आहे: पुढच्या बातम्या आणि लोकांच्या प्रतिक्रिया कशा वाचायच्या

शेवटची नावं वर सरकत असतात, खोलीत अंधार असतो आणि हात आपोआप फोनकडे जातो. माझं प्रत्येक वेळी असंच होतं, तुमचंही होत असणार. हत्तीच्या पायातली साखळी बघून किंवा टाकीत गोल गोल फिरणारा ऑर्का (किलर व्हेल) बघून आत काहीतरी हलतं आणि ते लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटतं. तर पहिली सूचना हीच की त्या रात्री काहीही पोस्ट करू नका, एक रात्र जाऊ द्या.

मी ती चूक केलीय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी बंदिवासातल्या हत्तींवरची एक डॉक्युमेंट्री बघून मी रडले होते आणि त्याच रात्री फीडमध्ये एक छोटी क्लिप आली, हत्तीण उभी, पुढचा पाय साखळीला बांधलेला, शेजारी काठी घेतलेला माणूस. मी ‘हिला वाचवा’ लिहून ती सहा ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी एकानं पूर्ण व्हिडिओ पाठवला. ती हत्तीण आधीच सोडवून आणलेली होती, तळपायाला गळू झालं होतं, आणि त्या काठीच्या टोकाला औषधात भिजवलेला बोळा होता, मलमपट्टी चालू असताना पाय हलू नये म्हणून साखळी होती. तोवर त्या सेंटरच्या नंबरवर लोकांचे शिव्यांचे फोन सुरू झाले होते आणि तिच्यावर उपचार करणारी माणसं फोनला उत्तरं देत बसली होती. मी सगळीकडे दुरुस्ती टाकली, पण दुरुस्ती कधीच तितकी फिरत नाही जितकी पहिली पोस्ट फिरते. तेव्हापासून मी एक वही ठेवते आणि हा सगळा लेख त्या वहीतून आलाय.

वहीत काय लिहायचं

दुसऱ्या दिवशी पहिलं पान त्या प्राण्याचं. त्याचं नाव काय, तो जंगलातून किंवा समुद्रातून पकडून आणला की बंदिवासातच जन्मला, आज तो नक्की कुणाच्या ताब्यात आहे, आणि पडद्यावर दिसलेलं फुटेज कधीचं आहे. या चार गोष्टी डॉक्युमेंट्रीतूनच मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तर जागा रिकामी सोडा, कारण पुढच्या बातम्या वाचताना तुम्हाला तीच रिकामी जागा भरायची असते.

२०१३ ची ‘ब्लॅकफिश’ घ्या, गॅब्रिएला काउपर्थवेटनं केलेली, तिलिकुम नावाच्या ऑर्कावरची. माझ्या वहीतलं पान असं आहे: नोव्हेंबर १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला, वय साधारण दोन वर्षं. मग कॅनडात व्हिक्टोरियाजवळचं सीलँड ऑफ द पॅसिफिक, तिथे रात्री तीन ऑर्का एका लहान बंदिस्त भागात कोंडले जायचे. १९९१ मध्ये तिथे एक तरुण ट्रेनर घसरून टाकीत पडली आणि मेली. १९९२ मध्ये तिलिकुम फ्लोरिडातल्या ऑरलँडोला सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांचे शो करणाऱ्या कंपनीच्या पार्कमध्ये गेला. १९९९ मध्ये पार्क बंद झाल्यावर आत राहिलेल्या एका माणसाचा मृतदेह त्याच्या टाकीत सापडला. २४ फेब्रुवारी २०१० ला तिलिकुमच्या हल्ल्यात ट्रेनर डॉन ब्रँशोचा मृत्यू. हे असं ओळीनं लिहून काढलं की एक गोष्ट लगेच दिसते, बहुतेक बातम्या २०१० पासून सुरू होतात आणि प्राण्याची गोष्ट १९८३ पासून सुरू झालेली असते, मधली २७ वर्षं बातमीत एका वाक्यात जातात.

मग डॉक्युमेंट्रीतला एखादा सीन आवाज बंद करून परत बघा. हे नक्की करा, कारण पार्श्वसंगीत आपल्याला आधीच सांगून टाकतं की आता वाईट वाटून घ्या, आणि आपण प्राणी बघायचा सोडून संगीत ऐकतो. मी तिलिकुमचा एक सीन असा पाहिला आणि माझं लक्ष पहिल्यांदा त्याच्या पाठीवरच्या पंखाकडे गेलं. समुद्रातल्या मोठ्या नर ऑर्काचा तो पंख जवळपास सहा फूट उंच आणि ताठ असतो, तिलिकुमचा पूर्ण लवंडून एका बाजूला लोळागोळा झालेला, कडेची गुंडाळी झालेली. बंदिवासातल्या जवळपास सगळ्या प्रौढ नरांचं असंच असतं, मोकळ्या समुद्रात ते क्वचित दिसतं. आधी दोन वेळा फिल्म बघूनही मला ते दिसलं नव्हतं. वाघ येरझाऱ्या घालत असेल तर तो कुठे वळतो ते बघा, बऱ्याचदा प्रत्येक फेरीला पाऊल त्याच जागी पडतं आणि तिथली जमीन घासून चकचकीत झालेली असते. हत्ती एकाच लयीत डोलत असेल तर किती वेळ डोलतो ते मोजा. पण एक लक्षात ठेवा, अशी सवय एकदा लागली की चांगल्या जागी हलवल्यावरही ती कधीकधी जात नाही, म्हणजे डोलणाऱ्या हत्तीची क्लिप बघून आजची जागा वाईट असं लगेच ठरवता येत नाही, कालची जागा वाईट होती एवढंच कदाचित कळतं.

फिल्म यायच्या आधीच प्रतिक्रिया सुरू होते

आपल्याला वाटतं लोक फिल्म बघतात आणि मग वाद होतो. तसं नसतं. ज्यांच्यावर फिल्म आहे ते आधीच कामाला लागलेले असतात. ब्लॅकफिश जुलै २०१३ मध्ये अमेरिकेत थिएटरला लागायच्या आधी सीवर्ल्डनं सुमारे ५० समीक्षकांना फिल्ममधल्या चुका सांगणारं खरमरीत पत्र पाठवलं होतं. म्हणजे समीक्षक खुर्चीत बसला तेव्हा दुसऱ्या बाजूचा कागद त्याच्या हातात होता. पण झालं असं की त्या पत्राचीच बातमी झाली आणि ज्यांना फिल्म माहीतही नव्हती त्यांना ती माहीत झाली.

तरी माझं स्पष्ट मत आहे की असं प्रत्युत्तर वाचायचंच, ते वाचून फिल्मशी गद्दारी होत नाही. सीवर्ल्डचे दोन आक्षेप मला वजनाचे वाटले होते, एक म्हणजे काही दृश्यं ज्या प्रसंगाबद्दल बोलणं चाललंय त्या प्रसंगाची नाहीत, आणि दुसरा म्हणजे बोलणाऱ्या माजी ट्रेनर्सपैकी काहींचा तिलिकुमशी फार संबंध आलेला नव्हता. हे वहीत लिहा, त्याच्यासमोर फिल्मचं म्हणणंही लिहा की कंपनीला वारंवार विचारूनही ती मुलाखतीला आली नाही. आणि मग तिसरी ओळ लिहा: प्रत्युत्तरात कशाला हातच लावलेला नाही? तिलिकुमला लहानपणी आईपासून तोडून आणलं हे कुणी खोटं म्हटलं नाही. तीन माणसं गेली हेही नाही. कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टींची यादी काढली की पाय टेकायला जमीन मिळते, बाकी वाद मग शांतपणे वाचता येतो.

लोकांच्या प्रतिक्रिया वाचताना

कमेंट्स वाचू नका असं बरेच जण सांगतात. मी म्हणते वाचा, पण मोजू नका. आकड्यांवर तर अजिबात जाऊ नका. २०१४ च्या सुरुवातीला ऑरलँडोतल्या एका बिझनेस वृत्तपत्रानं ऑनलाइन पोल घेतला, ब्लॅकफिशमुळे सीवर्ल्डबद्दलचं तुमचं मत बदललं का, आणि जवळपास सगळ्यांनी नाही म्हटलं. वृत्तपत्रानं जरा खोदून पाहिलं तर निम्म्याहून जास्त मतं एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून आलेली, आणि तो अ‍ॅड्रेस सीवर्ल्डचाच. कंपनीचं म्हणणं पडलं की आमच्या कर्मचाऱ्यांनी मत दिलं तर त्यात काय चुकलं. म्हणून पोल दिसला की पहिला प्रश्न, मत देणारे कोण होते आणि एकाला किती वेळा देता येत होतं.

उलट बाजूलाही तेच. मार्च २०१५ मध्ये कंपनीनं ट्विटरवर ‘आस्क सीवर्ल्ड’ नावाचा हॅशटॅग काढला, आम्हाला काहीही विचारा म्हणून, आणि विरोध करणाऱ्यांच्या प्रश्नांचा असा पूर आला की कंपनीनं ट्रोल आणि बॉट्सची तक्रार केली. त्यात खरे प्रश्न विचारणारेही खूप होते, पण आकडा बघून ‘सगळं जग पेटलंय’ असा निष्कर्ष काढणं तितकंच चुकीचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर कंपनीनं स्वतःच कबूल केलं की आपले कर्मचारी कार्यकर्ते असल्याचं भासवून प्राणीहक्कवाल्या गटांमध्ये घुसले होते. एवढं माहीत झाल्यावर कुठलीही आक्रमक कमेंट वाचताना मी क्षणभर थांबते.

मग कमेंट्समधून घ्यायचं काय? लोक कुणाबद्दल बोलतायत ते घ्या. हा माझा सगळ्यात कामाचा नियम आहे. शंभर कमेंट्स वाचा आणि त्यातल्या किती प्राण्याबद्दल आहेत ते बघा, हे एकच मोजायला माझी हरकत नाही. २० मार्च २०२० ला नेटफ्लिक्सवर ‘टायगर किंग’ आली, अमेरिकेतल्या खासगी वाघ पाळणाऱ्यांवरची मालिका, अर्धं जग घरात कोंडलेलं होतं, प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत पहिल्या दहा दिवसांत एकट्या अमेरिकेत ३ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी ती पाहिली, आणि मला दिसलेल्या मीम्समध्ये वाघ जवळपास नव्हताच. केसांची स्टाईल होती, गाणी होती, मालिकेतल्या कॅरोल बास्किनचा नवरा कुठे गेला याच्यावर पैजा होत्या. त्याच मालिकेत नुकतंच जन्मलेलं बछडं जाळीखालून आईपासून ओढून काढतात तो सीन आहे, बछडं किंचाळतं, आणि तो सीन मला मीममध्ये कुठे दिसला नाही. बछड्यांना हातात घेऊन फोटो काढायचा जो धंदा होता त्याचं गणितच असं की बछडं काही आठवडेच हाताळण्याजोगं असतं, मग ते मोठं होतं, मग नवीन बछडी लागतात, म्हणजे वाघिणीला सतत व्यायला लावायचं आणि मोठे झालेले वाघ कुठेतरी जिरवायचे. मालिकेत हे सांगितलं होतं, पण माणसं इतकी रंगीबेरंगी होती की ते मागे पडलं. यात प्रेक्षकांचा दोष किती आणि मांडणीचा किती यावर वाद घालता येईल, माझ्या मते मांडणीचा जास्त. सात भागांत माणसांच्या भांडणाला तासन्‌तास दिले आणि वाघाला मिनिटं दिली तर लोक भांडणच लक्षात ठेवणार.

दुसरी प्रतिक्रिया अभिमानाची. ‘द कोव्ह’ २००९ ची, जपानमधल्या ताइजी गावातल्या डॉल्फिनच्या शिकारीवरची, मार्च २०१० मध्ये तिला ऑस्कर मिळालं. बाहेरच्या जगात लोक रक्तानं लाल झालेलं पाणी बघून हादरले, पण जपानमध्ये ही आपल्या देशावरची टीका आहे असं म्हणत राष्ट्रवादी गटांनी निदर्शनं केली, काही थिएटरांनी शो रद्द केले आणि शेवटी जुलै २०१० मध्ये मोजक्या थिएटरांत ती लागली. केरळमधल्या देवळांच्या हत्तींवर २०१६ मध्ये संगीता अय्यर यांची ‘गॉड्स इन शॅकल्स’ आली, तिथेही भावनेचाच प्रश्न होता, कारण तिकडे उत्सवातल्या हत्तींचे फॅन क्लब असतात, लोकांना तो हत्ती मनापासून आवडतो, त्याच्या नावाचे फ्लेक्स लागतात, आणि त्याच्याच पायाला साखळीची जखम असते. अशा प्रतिक्रियांना ‘हे लोक क्रूर आहेत’ म्हणून मोडीत काढू नका. त्यांना प्राण्यावर राग नाहीये, बाहेरच्यानं येऊन सांगितल्याचा राग आहे, आणि तो वेगळा केला की त्याच गावातले, त्याच भाविकांमधले काळजी असलेले आवाज ऐकू यायला लागतात. मी तरी आधी तेच शोधते, स्थानिक माहुत काय म्हणतोय, स्थानिक पशुवैद्य काय म्हणतोय.

आणि एक प्रतिक्रिया प्रेमाची, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मार्च २०२३ मध्ये कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला ऑस्कर मिळालं आणि तामिळनाडूत मुदुमलाईच्या थेप्पाकाडू हत्ती कॅम्पवर फिल्ममधल्या रघू आणि बोम्मी या हत्तींना बघायला पर्यटकांची रीघ लागली. फिल्म गोड आहे, मलाही आवडली, पण ती बघून पाऊल थेट कॅम्पकडे वळणं हीसुद्धा प्रतिक्रियाच आहे आणि तिचा भार हत्तींवर आणि माहुतांवर पडतो. हळव्या फिल्मनंतर वहीत एक प्रश्न वाढवा: या प्रेमामुळे तिथली गर्दी वाढली का?

बातमी कुठल्या डेस्कवरून आलीय ते बघा

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण बरीच गफलत इथे होते. फिल्मची परीक्षणं मनोरंजनाच्या पानावर येतात. शेअर पडला की बिझनेसच्या पानावर. दंड झाला की कोर्टाच्या बातम्यांत. कायदा आला की राजकारणात. प्रत्येक पत्रकार आपापल्या पानाचं काम नीट करतो, पण प्राणी कुठल्याच डेस्कचा नसतो, तो या पानांच्या मधल्या फटीत पडतो. म्हणून हे तुकडे आपणच जोडायचे असतात, दुसरं कुणी जोडून देत नाही.

उदाहरण म्हणून १३ ऑगस्ट २०१४. त्या एका दिवसात सीवर्ल्डचा शेअर साधारण ३३ टक्क्यांनी पडला, कंपनी शेअर बाजारात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, आणि जगभर हेडलाइन्स झाल्या. त्या बातम्या परत काढून वाचा, त्यात प्रेक्षकसंख्या आहे, नफा आहे, गुंतवणूकदार आहेत, आणि ऑर्का बहुतेक वेळा एका फोटोपुरता आहे. पण हीच बिझनेसची बातमी पुढे फार महत्त्वाची ठरली. आधी कंपनी सांगत होती की फिल्मचा धंद्यावर परिणाम नाही, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून कंपनी आणि तिच्या माजी सीईओकडून मिळून ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम वसूल करायची तडजोड केली. म्हणजे फिल्ममुळे खरंच फरक पडला का या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर प्राण्यांच्या पानावर आलंच नाही, गुंतवणुकीच्या पानावर आलं, तेही पाच वर्षांनी.

मथळ्याबद्दल एक भारतातलंच उदाहरण. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं परिपत्रक काढलं की डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिनचे शो दाखवणाऱ्या जागांना, परवानगी द्यायची नाही. निर्णय मोठा होता, खरंच चांगला होता. पण त्यात शास्त्रज्ञांचा एक विचार नोंदवला होता, डॉल्फिन इतके बुद्धिमान आहेत की त्यांना मानवेतर व्यक्ती मानावं असं काहींनी सुचवलंय म्हणून, आणि परदेशी बातम्यांमध्ये त्याचं झालं ‘भारतानं डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला’. असा कुठलाही कायदा झाला नव्हता. ती बातमी आजही दरवर्षी कुणीतरी नव्यानं शेअर करतं. म्हणून हेडलाइनमधलं क्रियापद बघा, ‘सुचवलं’, ‘जाहीर केलं’, ‘मंजूर केलं’, ‘अंमलात आलं’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच मथळ्यांत त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. मूळ कागद, परिपत्रक किंवा निकाल मिळत असेल तर तोच वाचा, बहुतेक वेळा दोन-चार पानांचाच असतो.

आणि आठ एप्रिल २०२० ही तारीख लिहून ठेवा. व्हाइट हाउसमध्ये कोरोनावरची पत्रकार परिषद चालू होती आणि एका पत्रकारानं अध्यक्षांना विचारलं की टायगर किंगमधल्या, तेव्हा तुरुंगात असलेल्या जो एक्झॉटिकला माफी देणार का. प्रश्न माणसाच्या माफीचा होता, त्याच्या वाघांचं आता काय होणार हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी त्या दिवसाची नोंद मुद्दाम ठेवलीय.

कॅलेंडर लांब ठेवा

फिल्मनंतरचा गोंगाट काही आठवडे टिकतो. नियम बदलायला वर्षं लागतात. फोनमध्ये रिमाइंडर लावा, तीन महिन्यांनी, एका वर्षानं, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, आणि प्रत्येक वेळी प्राण्याचं नाव टाकून शोधा, फिल्मचं नाव टाकून नाही. या दोन शोधांचे निकाल किती वेगळे येतात ते करून बघा.

ब्लॅकफिशची माझी रांग: ऑक्टोबर २०१३ मध्ये सीएनएनवर आली आणि थिएटरपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचली. त्याच हिवाळ्यात एकामागून एक बँड आणि गायकांनी सीवर्ल्डमधले कार्यक्रम रद्द केले. एप्रिल २०१४ मध्ये अपील कोर्टानं अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाची बाजू उचलून धरली, त्यामुळे शोमध्ये ट्रेनर आणि ऑर्का यांच्यात अंतर किंवा अडथळा ठेवणं कायम झालं, पण नीट बघा, हा खटला २०१० च्या मृत्यूपासून चालू होता, फिल्ममुळे सुरू झालेला नव्हता. बऱ्याच लेखांत सगळं श्रेय फिल्मला जातं. त्याच वर्षी जुलैमध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सनं सीवर्ल्डबरोबरची २६ वर्षांची भागीदारी संपवत असल्याचं जाहीर केलं. मार्च २०१६ मध्ये कंपनीनं ऑर्कांचं प्रजनन थांबवल्याचं सांगितलं. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात ऑर्कांच्या प्रजननावर बंदी घालणारा कायदा झाला, त्याचा पहिला प्रयत्न मार्च २०१४ मध्ये झाला होता आणि तेव्हा तो अभ्यासाला म्हणून पुढे ढकलला होता. ६ जानेवारी २०१७ ला तिलिकुम मेला, त्याच टाक्यांमध्ये, पकडल्याला ३३ वर्षं झाल्यावर. जून २०१९ मध्ये कॅनडानं देवमासे आणि डॉल्फिन बंदिवासात ठेवण्यावर बंदी आणली, आधीपासून असलेले सोडून.

‘आधीपासून असलेले सोडून’ हे शब्द प्रत्येक वेळी शोधा. ते बहुतेक सगळ्या चांगल्या बातम्यांच्या तळाशी असतात. प्रजनन थांबलं म्हणजे नवे येणार नाहीत, टाकीत आहेत ते आहेतच. टायगर किंगनंतरचा अमेरिकेतला कायदा २० डिसेंबर २०२२ ला सही होऊन आला, बछड्यांना लोकांनी हात लावण्यावर आणि खासगी पाळण्यावर बंदी, त्यातही ज्यांच्याकडे आधीपासून वाघ होते त्यांना नोंदणी करून ठेवायची मुभा होतीच. आणि हेच विधेयक डिसेंबर २०२० मध्ये एका सभागृहात मंजूर होऊन दुसऱ्यात अडकलं होतं, त्या मधल्या दोन वर्षांत किती जणांना ते आठवत होतं सांगा.

द कोव्हचंही तसंच. मे २०१५ मध्ये जपानच्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं ताइजीतून पकडलेले डॉल्फिन घेणं थांबवायचा निर्णय मतदानानं घेतला, जागतिक संघटनेनं सदस्यत्व स्थगित केल्यानंतर. बातमी आली, टाळ्या झाल्या. त्यानंतर काही मत्स्यालयं त्या संघटनेतूनच बाहेर पडली ही बातमी किती छोटी होती, मला ती शोधून काढावी लागली. ताइजीतली शिकार अजूनही दरवर्षी सप्टेंबरला सुरू होते.

‘सोडून द्या’ म्हणायच्या आधी

प्रत्येक फिल्मनंतर ही मागणी येते आणि ती मनापासून असते. पण केइकोची गोष्ट वाचा. १९७९ च्या सुमारास आइसलँडजवळ पकडलेला ऑर्का, १९९३ मधल्या एका कथापटात दिसला, मुलांनी पैसे जमवले, पत्रं लिहिली, १९९६ मध्ये मेक्सिकोतून ओरेगॉनला आणला, १९९८ मध्ये आइसलँडला समुद्रातल्या जाळीत, पुढे मोकळा झाला, पण तो माणसांजवळ परत येत राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये नॉर्वेत मेला. दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. हे चूक झालं असं मी म्हणणार नाही, शेवटची पाच वर्षं त्याला समुद्राचं पाणी मिळालं याची मला किंमत वाटते. पण बंदिवासात जन्मलेल्या वाघाला तर जंगल कधी माहीतच नसतं, शिकार कुणी शिकवलेली नसते, माणसाची भीती नसते. त्याच्यासाठी मागायचं ते मोठी जागा, चांगला डॉक्टर, प्रजनन बंद, प्रदर्शन बंद. ही मागणी पोस्टमध्ये तितकी जोरदार दिसत नाही, पण अधिकाऱ्याच्या टेबलावर तिच्यावर काहीतरी करता येतं.

एक पान फिल्मवाल्यांचं

फिल्म बनवणाऱ्यांनी काय केलं तेही तपासा. २०२४ मध्ये एचबीओवर ‘चिंप क्रेझी’ आली, टोंका नावाचा चिंपांझी मेला असं त्याच्या ताबेदार बाईनं कोर्टाला सांगितलं होतं आणि तो तिच्या घराच्या तळघरात होता, आणि हे फिल्मवाल्यांना माहीत होतं. तिचा विश्वास मिळवायला दिग्दर्शकानं स्वतः मागे राहून दुसऱ्याच माणसाला दिग्दर्शक म्हणून पुढे केलं होतं. पुढे टोंकाला मारून टाकायचं ठरतंय असं कळल्यावर त्यांनी माहिती दिली आणि जून २०२२ मध्ये त्याला तिथून हलवलं. कॅमेरा चालू ठेवल्यामुळे तो सापडला की कॅमेरा चालू ठेवल्यामुळे तो तळघरात जास्त दिवस राहिला? मी दोन्ही बाजूंचे लेख वाचले, माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, त्यांनी आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही तुमच्या पानावर तुमचं लिहा.

शेवटचं काम, आणि हे दहा मिनिटांचं आहे. बातमी वाचली, त्यात प्राणी नाही असं दिसलं, तर त्या पत्रकाराला लिहा. शिव्या नाही, उपदेश नाही, एक प्रश्न. माझा मजकूर साधारण असा असतो: ‘तुमची बातमी वाचली, कोर्टाचा भाग नीट समजला. त्यात ज्या वाघिणीचा उल्लेख आहे ती सध्या कुठे आहे आणि तिची देखभाल कोण करतंय हे बातमीत नाही. ते कळलं तर फार बरं होईल.’ बहुतेक वेळा उत्तर येत नाही. एकदा आलं, ‘मलाही माहीत नव्हतं’ असं लिहून त्या पत्रकारानं दोन फोन केले आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बातमीच्या खाली चार ओळी वाढल्या, वाघीण कुठल्या सेंटरला आहे, वय किती, आणि तिच्या एका डोळ्यावर उपचार चालू आहेत. तिच्या पानावरची रिकामी जागा मी त्या दिवशी भरली.